आधी तोंडावर, मग छापून

पुस्तक वाईट आहे एवढंच सांगायला स्वतःच्या खर्चानं एस.टी.त बसून चंदगडपर्यंत जाणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच झाला असेल, आणि तो माझ्या मैत्रिणीचा मामा होता. मैत्रिणीचा म्हणून माझाही मामा, आणि पुढं पुढं तर आमच्या कॉलेजच्या निम्म्या वर्गाचा मामा. मामा कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवायचे आणि मंडळीच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, लहानशा मासिकात पुस्तकांची परीक्षणं लिहायचे. सदराचं नाव होतं ‘नवी पुस्तकं’. पण त्यात पुस्तक येईपर्यंत ते इतकं जुनं झालेलं असे की कित्येकदा मामांचं परीक्षण वाचून लोक दुकानात जात, तेव्हा ते पुस्तक रद्दीत तरी गेलेलं असे किंवा लेखक तरी देवाघरी. उशिराचं कारण आळस नव्हतं. कारण शास्त्र होतं. भावानं तुझा अपराध केला तर आधी एकट्यानं त्याच्याकडं जा आणि त्याची चूक त्याला दाखव. नाही ऐकलं तर एकदोघांना साक्षीला घेऊन जा. तरीही नाही ऐकलं तर मंडळीला कळव, असं येशूनं शिष्यांना सांगितलं आहे. जगभरचे ख्रिस्ती लोक हा नियम भांडणतंट्याला लावत असतील. मामांनी तो पुस्तक परीक्षणाला लावला. “वाईट पुस्तक लिहिणं म्हंजे वाचकाचा अपराध करणंच हाय की,” ते म्हणायचे. “मग नियम का लावायचा न्हाय?”

त्यामुळं मामांच्या परीक्षणाला तीन फेऱ्या असत. पहिली फेरी एकट्यानं लेखकाच्या घरी. दुसरी फेरी साक्षीदारांसह. तिसरी फेरी मासिकात. स्तुती मात्र थेट छापायची. तिला साक्षीदार लागत नाहीत. शिवाय चांगलं पुस्तक ते एकदाच वाचत आणि वाईट पुस्तक दोनदा. ज्याला दुखवायचं आहे त्याचं नीट वाचलेलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. परिणाम असा की जिल्ह्यातल्या उत्तम कवींच्या ओळी मामांना धड आठवत नसत आणि भिकार कवींचे संग्रहच्या संग्रह पाठ असत. लिहायला बसण्यापूर्वी डोळे मिटून प्रार्थना करत, तीही पान क्रमांकासकट: “प्रभू, पान एक्केचाळीसवर ह्यानं जे केलंय ते त्याला उमगू दे, आणि मला जरा गोड शब्द सुचू दे.” गोड शब्द सुचेपर्यंत उठत नसत. मामी स्वयंपाकघरातून ओरडायची, “न्हाय सुचायचा आज! उठा, भाकरी गार झाली.”

चंदगडच्या एका कवीनं भक्तिगीतांचा संग्रह पाठवला होता. मामा भर पावसात तिकडं पोचले. पाहुणा कोल्हापूरहून आलाय म्हणून घरात काजू भाजले गेले, कोंबडी कापली गेली. जेवण झाल्यावर मामांनी छत्रीतलं पाणी निथळावं तितक्या शांतपणे सांगायला सुरुवात केली, की तुमच्या गीतात ताल आहे, पण म्हणणं काही नाही. कवीचा चेहरा पडला. तेवढ्यात चुलीजवळून त्याची बायको म्हणाली, “पावणं, लगीन झाल्यापासनं मीबी हेच सांगाय लागलेय.” मग मामांनी त्याच्या पाच-सहा कविता न अडखळता म्हणून दाखवल्या आणि प्रत्येकीत तो कुठं घसरला ते सांगितलं. कवी रडायला लागला. मामांना वाटलं, फार लागलं. कवी म्हणाला, “माझी कविता दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली ओ.” त्या परीक्षणाची दुसरी फेरी झालीच नाही. कवीनं पुढचा संग्रह निम्मा कापून काढला आणि मामांनी त्यावर पानभर कौतुक लिहिलं.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती भांडणातून. मी बौद्ध घरातली. माझे वडील सभेच्या मांडवाबाहेर चळवळीच्या पुस्तिका विकायचे, आणि मी बाराखडी शिकले ती त्या पुस्तिकांच्या शीर्षकांवर. ‘जाहीर सवाल’, ‘जळजळीत उत्तर’, ‘ढोंग उघडे’ असली शीर्षकं. त्यामुळं एखादं पुस्तक पटलं नाही की पत्रक काढायचं, यापलीकडं मला काही माहीत नव्हतं. एका स्वामींच्या पुस्तकावर मी असंच एक पत्रक लिहिलं होतं. मैत्रिणीनं ते मामांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

“त्यांना दाखवलंस?” मामांनी विचारलं.

“कशाला? हजार प्रती छापून वाटणार आहे.”

“म्हंजे पाठीमागं बोलणार.”

“हजार लोकांपुढं बोलणं पाठीमागं कसं?”

“ज्याच्याबद्दल बोलतीस त्याच्या तोंडाकडं न बघता बोलणं, पोरी, हे पाठीमागंच.”

मी तासभर भांडले. लबाडाला घरी जाऊन समजावणं म्हणजे लबाडीला मुदत देणं, असं माझं मत होतं आणि बऱ्याच बाबतीत अजूनही आहे. मामांना माझा आवाज आवडला. “तू साक्षीदार म्हणून चांगली हाईस,” ते म्हणाले. “तुला लाज वाटत न्हाय.” तेव्हापासून दुसऱ्या फेरीला मी असे. दुसरे साक्षीदार छापखान्याचे आण्णा. हे लिंगायत गृहस्थ, घरी कन्नड आणि गिऱ्हाइकाशी मराठी बोलणारे, मासिक त्यांच्याच छापखान्यात छापलं जाई. एक ख्रिस्ती, एक लिंगायत, एक बौद्ध असे आम्ही तिघं मुरगूडला एका निवृत्त हेडमास्तरांच्या दारात उभे राहिलो, तेव्हा त्यांनी आम्हाला निवडणुकीचे लोक समजून आधीच सांगून टाकलं, “मत तुम्हालाच.”

या सगळ्याची कसोटी लागली ती पाळकसाहेबांच्या पुस्तकावर. पाळकसाहेब म्हणजे मंडळीचे पाद्री, मासिकाचे संपादक, आणि मामांचे लहानपणापासूनचे मित्र. मिशनच्या बोर्डिंगात दोघं एका घोंगड्यात झोपलेले. त्यांनी आयुष्यभर खपून आपल्या मंडळीच्या सुरुवातीच्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, की आमचे पूर्वज केवळ सत्याच्या शोधात आले, अन्नासाठी एकही आला नाही. मामांनी ते पुस्तक दोनदा वाचलं. मामी म्हणाली, “दुसऱ्यांदा हातात घेतलं तवाच मला धडकी भरली.”

कारण मामांची आज्जी अन्नासाठीच आली होती. दुष्काळात मिशनच्या अंगणात कण्या शिजायच्या, जोंधळ्याच्या, आणि ती लेकराला कडेवर घेऊन त्या रांगेत उभी राहिली. ती सगळ्यांना ठासून सांगायची, आधी कण्या खाल्ल्या, मग गाणं ऐकलं, मग देव कळला. “ज्यानं डोंगरावर भुकेल्यांना भाकरी वाटल्या, त्याच्या दारात भुकेलं माणूस आलं तर त्यात लाजायचं काय?” मामा मला विचारत होते, पण मला नव्हे. “आता आज्जीला खोटी पाडू, का मित्राला सोडू?”

मला पुस्तकातलं ते वाक्य माझ्याच अंगावर आल्यासारखं झालं होतं. छप्पन साली आमच्या माणसांनी धर्म बदलला तेव्हापासून आम्हालाही कुणी ना कुणी विचारतंच, कशाच्या लोभानं बदललात? मी म्हटलं, “मामा, पत्रक काढू. रविवारी चर्चच्या गेटवर मी स्वतः वाटते.”

“गेटवर वाटलेलं सगळी वाचतील,” मामा म्हणाले. “पण त्यो वाचणार न्हाय. मला त्यो वाचाय पायजे.”

पहिली फेरी वाया गेली. दुसऱ्या फेरीला आम्ही तिघं गेलो. पाळकसाहेबांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मंडळीच्या गोष्टीला ही साक्षीदारं?”

“साक्षीदार कुठल्या जातीचा पायजे, हे शास्त्रात सांगितलेलं न्हाय,” मामा म्हणाले आणि पान क्रमांकांना सुरुवात केली. आण्णा मध्येच हळूच म्हणाले, “साहेब, मी फकस्त ऐकाय आलोय, माझ्यावर रागावू नका. मासिकाचं बिल तुम्हीच देता.” पाळकसाहेब उठले आणि म्हणाले, “लिही. काय लिहायचं ते लिही. मी छापतो.”

आणि छापलं. एक शब्द कापला नाही. परीक्षणाच्या खाली फक्त एक ओळ जोडली होती: ‘या मताशी संपादक, म्हणजेच प्रस्तुत पुस्तकाचे लेखक, मुळीच सहमत नाहीत.’ मी या बाण्यावर खूश झाले. मामा झाले नाहीत. त्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेब दारात उभे राहून सगळ्यांशी हस्तांदोलन करत होते. मामांचा हात पुढं आला तेव्हा ते खाली वाकले आणि बुटाची नाडी बांधू लागले. मामा बराच वेळ हात तसाच धरून उभे होते.

मला वाटलं, तीन फेऱ्या संपल्या, सत्य छापलं गेलं, विषय मिटला. मामा म्हणाले, “चौथी राहिली की. मंडळीचंबी ऐकलं न्हाय तर त्याला परका न् जकातदार समजा, असं सांगितलंय.”

“म्हणजे संबंध तोडा.”

“व्हय? जकातदार दिसला की येशू काय करत हुता? त्याच्या पंगतीला बसत हुता. जेवायला बोलवाय पायजे.”

मामी कपाळावर हात मारून म्हणाली, “माणसांस्नी दुखवायचं ह्यांनी, आन् मटण शिजवायचं मी!” पण तिनं शिजवलं. पहिल्या रविवारी पाळकसाहेब आले नाहीत. दुसऱ्या रविवारी आले नाहीत. ते सगळं मटण आण्णांनी आणि मी साक्षीदाराच्या निष्ठेनं संपवलं. मामा रस्त्याकडं तोंड करून बसत आणि ताटाला हात लावत नसत. मग एका रविवारी दारात छत्री झटकल्याचा आवाज झाला. पाळकसाहेब आत आले, हात धुतले, पाटावर बसले. तांबडा रस्सा वाढून होतो न होतो तोच मामांनी तोंड उघडलं, “ते तुझं तिसरं प्रकरण...”

“जेवू दे की लेका!”

मामांनी भाकरी मोडली. मग ताटातच बघत पाळकसाहेब म्हणाले, “माझा आज्जाबी त्याच रांगेत हुता. तुझ्या आज्जीच्या मागं.”

मामांचा घास हातात राहिला. “मग लिहिलं का न्हाईस?”

“माझ्या बाला शाळेत पोरं ‘कण्याखाऊ’ म्हणायची. रडत घरला यायचा. मरताना मला शपथ घातलीती, कुणाला सांगू नगस म्हणून.”

“आरं मग मला पहिल्याच फेरीला सांगायचंस!”

“तू बोलू दिलंस कुठं? अर्धा तास पान नंबर सांगत हुतास.”

मामीला हसू आवरेना. मामांनी मात्र स्वतः उठून मित्राच्या वाटीत रस्सा वाढला. त्यानंतर मामांची पहिली फेरी बदलली. लेखकाच्या घरी गेल्यावर ते आधी विचारायचे, हे असं का लिहिलंत? आणि उत्तर येईपर्यंत स्वतःच्या तोंडावर पंजा दाबून बसायचे. मी पाहिलं आहे, गगनबावड्याचा एक नाटककार हे बघून इतका घाबरला की त्यानं पाण्याचा तांब्याच पुढं केला.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. पाळकसाहेबांनी ते वाक्य काढून तिथं नवं लिहिलं होतं. आवृत्ती छापखान्यात असतानाच ते गेले. मामांची नजर तोवर अधू झाली होती, म्हणून प्रत घेऊन मीच त्यांच्याकडं गेले आणि मोठ्यानं वाचू लागले. ‘माझे आजोबा कण्यांसाठी रांगेत आले, आणि राहिले,’ हे आलं तेव्हा मामा म्हणाले, “परत वाच.” मी परत वाचलं. चर्चच्या शाळेतल्या मुलांनी परवाच हे वाक्य वर्गात मोठ्यानं वाचलं आणि कुणी कुणाला चिडवलं नाही, असं मी सांगितलं. मामांनी मान हलवली.

पुढं पाचव्या प्रकरणात त्यांनी मला थांबवलं. “हितं चुकलाय त्यो. सपशेल चुकलाय.”

“लिहा की मग,” मी पेन काढलं. “तुम्ही सांगा, मी लिहून घेते. मासिकवाले जागा ठेवतील.”

“व्हय,” मामा म्हणाले. “पर आदी त्याला सांगाय पायजे.”

मी पेन मिटून ठेवलं. बाहेर शाळा सुटली होती. थोड्या वेळानं ते म्हणाले, “वाच तू म्होरं.” आणि मी वाचत राहिले.