चौथा ठोका

परंपरा माणसांपेक्षा मोठी असते. वाक्य माझं नाही, जुन्नरच्या एस.टी. स्टँडसमोर टांगलेल्या एका फ्लेक्सवरचं आहे. त्या फ्लेक्सवर सतरा माणसांचे फोटो होते. त्यामुळे परंपरेला जागा कमी पडली आणि तिचं वाक्य खाली, छपाईवाल्याच्या फोन नंबराशेजारी, बारीक अक्षरात घालावं लागलं होतं.

मी पुण्याहून निघालो तो लेणी बघायला. गाडी नारायणगावला अर्धा तास थांबली. का, असं विचारल्यावर कंडक्टर म्हणाले, ती तिथे नेहमीच थांबते. जुन्नरला उतरलो आणि तसाच शेअर रिक्षाने लेण्याद्रीला गेलो. चैत्राचं ऊन होतं. भिक्षूंनी राहण्यासाठी कोरलेल्या एका विहारात आता गिरिजात्मज गणपती आहे. माझ्या पुढे चढणाऱ्या एका बाई धापा टाकत नवऱ्याला विचारत होत्या, "आधी कुणाचं होतं हो हे?"

"आधी दर्शन घे. मागं लाइन आहे," नवरा म्हणाला.

या विषयावर मी चार जाड पुस्तकं वाचली आहेत. एवढं मुद्देसूद उत्तर त्यांत नाही. उतरताना एका माकडाने माझ्या चष्म्याचं घर पळवलं, उघडून बघितलं, आत काही नाही हे पाहून माझ्याकडे अत्यंत अपेक्षाभंगाने बघितलं आणि परत टाकून दिलं.

दुपारी जुन्नरच्या बाजारात मासवडी खाल्ली. (मासवडीत मासा नसतो. तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली बेसनाची वडी ती, बरोबर झणझणीत रस्सा.) दुसरी वाटी घेत असताना पलीकडच्या गल्लीतून बँडचा आवाज आला. लग्नाची वरात असावी म्हणून बघायला गेलो. वरात नव्हती, तालीम होती. गल्लीच्या डाव्या हाताला पाटी होती: 'चंद्रप्रभा ब्रास बँड. आमची कोठेही शाखा नाही.' बरोबर समोर, उजव्या हाताला दुसरी: 'मूळ चंद्रप्रभा ब्रास बँड. आमची कोठेही शाखा नाही.'

शेजारच्या कापडदुकानाच्या पायरीवर शेठ शांतिलाल बसले होते. घराणं मूळचं राजस्थानचं, पण आता जुन्नरबद्दल जुन्नरकरांपेक्षा जास्त माहिती असलेलं. त्यांनी मला दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"डावीकडं नाव आहे, जुनी माणसं नाहीत. उजवीकडं जुनी माणसं आहेत, नाव नाही."

"मग खरा बँड कुठला?"

"लाल कोटाचं कापड दोघांनाही मीच देतो," शेठ म्हणाले. "मी कशाला सांगू?"

डावीकडचा मालक सुदाम, चाळिशीचा, कॉर्नेट वाजवतो. बँड त्याच्या चुलत्यांनी काढलेला. चुलते वारले आणि नाव, ढोल नि हातगाडी सुदामकडे आली. त्याने तीन वर्षांपूर्वी पिकअप गाडीवर किबोर्ड बसवला. त्या दिवशी बबनतात्या, म्हणजे सत्तरीतले क्लॅरिनेटवाले, उठून समोरच्या गाळ्यात गेले. जुनी माणसं त्यांच्यामागून गेली. सुदामकडे आता चुलत्यांच्या वेळचा एकही माणूस नाही.

"उद्या निकाल हाय," सुदाम मला म्हणाला. चहा त्याने न विचारताच मागवला होता. "आंबेगावच्या डोंगराकडं एक गाव हाय. तितल्या जत्रंत मांडवडहाळ्याचा मान चंद्रप्रभाचा. चुलत्याच्या येळंपासून." (मांडवडहाळे म्हणजे देवाच्या मांडवावर घालायच्या हिरव्या फांद्या. त्या जत्रेच्या सकाळी वाजतगाजत आणतात, पुढे पालखी असते.) "औंदा तात्यानं बी अर्ज टाकलाय. गाव म्हणतंय, दोघं बी या, वाजवा, मंग ठरवू."

"आणि नाही मिळाला मान तर?"

"तर पाटी उतरवायची. दुसऱ्याच्या नावावर मी जगत न्हाई." मग म्हणाला, "तुमी चला की राव. तिऱ्हाईत माणूस असला म्हंजी भांडणं कमी व्हत्यात."

माझा अनुभव उलटा आहे, पण मी हो म्हटलं.

जाण्यापूर्वी मी समोर जाऊन बबनतात्यांनाही भेटलो. एकाच बाजूचं ऐकलं तर मत लवकर बनतं, आणि मला घाई नव्हती. तात्या क्लॅरिनेटचं तोंड रुमालाने पुसत होते. सुदामच्या गाळ्यातून ढोल ऐकू येत होता: तीन ठोके वेळेवर आणि चौथा किंचित उशिरा, उंबरा ओलांडताना माणूस थांबतो तसा. मला तो आवडला होता. मी तसं म्हटलं.

"त्यो?" तात्या हसले. "पावणं, त्यो महादूचा पाय हाय."

महादू जुन्या चंद्रप्रभाचा ढोलवाला. चाळीस वर्षं बँडच्या मधोमध चालायचा, उजव्या पायाने लंगडत. पाय उशिरा पडायचा, म्हणून ठोका उशिरा पडायचा, आणि ढोल सांगेल तसं बाकीच्यांना वाजवावं लागायचं. महादू वारल्याला आता काही वर्षं झाली.

"तवापासनं मी ठरिवलं, चूक दुरुस्त करायची. पोलिसांच्या बँडातनं रिटायर झालेला माणूस आणलाय ढोलाला. लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट, एकदम करेक्ट! आन् समोरची पोरं?" तात्यांनी आवाज चढवला, समोर ऐकू जावा म्हणून. "मोबाइलवर जुन्या जत्रंचे व्हिडिओ बघून शिकल्यात. मेलेल्या माणसाचं लंगडणं बी उचललंय त्यांनी! स्टाइल म्हणत्यात त्येला!"

समोरून सुदामने कॉर्नेटमधून एक लांब, उद्धट सूर काढला. तात्या समाधानाने म्हणाले, "ऐकलं त्यानं."

दुसऱ्या दिवशी पहाटे पिकअपमधून निघालो. मला ड्रायव्हरशेजारची जागा मिळाली. ड्रायव्हरच बँडचा ढोलवाला असल्यामुळे स्टिअरिंगवरही त्याचा चौथा ठोका उशिरा पडत होता. घोडेगाव मागे पडलं, डिंभे धरणाचं पाणी बाजूला आलं, मग चढ सुरू झाला. भाताची खाचरं कोरडी पडली होती. बांधावर हिरड्याची झाडं, खाली करवंदीच्या जाळ्या. गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर दोन्ही बँड मला पुन्हा तिथे न्यायला तयार होणार नाहीत.

तात्यांची जीप आधीच आलेली होती. गावकऱ्यांनी दोन्ही पक्षांना एकाच ओसरीवर, एकाच पंगतीला बसवून चहा-बटर दिलं. दोन्ही बँडांचे लाल कोट एकाच गठ्ठ्यातले. एकजण चुकून समोरच्या रांगेत बसला आणि दोन बटरं खाईपर्यंत ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मंदिर गावाच्या वर, टेकाडावर. वेशीपासून मारुतीपर्यंत सपाट रस्ता आणि पुढे दगडी पायऱ्या. ठरलं असं की वयाने मोठे म्हणून तात्या आधी वाजवतील, गरज पडली तर मग सुदाम. 'गरज पडली तर' हे जत्रा कमिटीचे शब्द. सुदामचा चेहरा उतरला. पिकअप मारुतीपाशीच थांबवावी लागली आणि किबोर्ड तिच्यावरच राहिला.

पालखी उचलली. पुढच्या दांडीला बुधाजी नावाचे साठीचे गृहस्थ होते. खांद्याला त्यांनी घडी केलेलं पोतं लावलं होतं. पालखीवर देवाची छत्री, मागे शेरणीचा (नवसाच्या गुळाचा) टोप, त्याच्यामागे डहाळे घेतलेल्या बायका. तात्यांनी क्लॅरिनेट वर केलं आणि निवृत्त हवालदारांनी ढोलावर पहिला ठोका मारला.

सपाट रस्त्यावर वादन उत्तम झालं. मी सुरांचा जाणकार नाही, पण इतकं नेटकं वादन मी लग्नात कधी ऐकलेलं नाही. सुदाम माझ्या शेजारून चालत होता. "संपलं," तो हळूच म्हणाला. मलाही तसंच वाटत होतं.

मग पायऱ्या आल्या.

पहिल्या पायरीला पालखी डावीकडे कलली. दुसरीला पुढच्यांचा पाय वर आणि मागच्यांचा खाली राहिला. तिसरीला छत्री निसटून गुळाच्या टोपात पडली, आणि मागून येणाऱ्या बायकांच्या फांद्या पुढच्यांच्या पाठीत घुसल्या.

"अय, थांबवा ते!" बुधाजी ओरडले. "पाय कुटं टाकू मी?"

"पाय टाकायला काय झालं?" तात्यांनी क्लॅरिनेट तोंडातून काढलं. "ठोका बरुबर हाय की!"

"बरुबर हाय म्हणूनच गोची झाली! आमी खांदा कवा सावरायचा? दर चार पावलांना तुमी जरा थांबताय, तवा आमी दांडी सारखी करून वरची पायरी घेतो. माझा बाप बी तसंच घ्यायचा. आज थांबतच न्हाई तुमी. कुनाची गाडी सुटाया लागलीय?"

बायका हसल्या. एकीने छत्रीला लागलेला गूळ पुसून घेतला. तात्या म्हणाले, "अहो, ती चूक व्हती. आमी दुरुस्त केली."

"आमाला इचारलं का?" बुधाजी म्हणाले.

कमिटीने सुदामकडे बघितलं. त्याने कॉर्नेट उचललं. ड्रायव्हरने ढोल गळ्यात अडकवला. तीन ठोके, मग तो किंचित उशीर, मग चौथा. बुधाजींनी खांदा सावरला, पायरी घेतली, मागच्यांनी घेतली. पालखी सरळ वर निघाली. ड्रायव्हर धडधाकट होता, सरळ चालत होता आणि ढोल मात्र लंगडत होता. महादूला त्याने आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं.

तात्या तिसऱ्या पायरीवरच बसून राहिले. त्यांनी क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करायला घेतले. सुदाम दहाएक पायऱ्या वर गेला होता. ढोल चालू राहिला, कॉर्नेट थांबलं, आणि तो परत खाली आला.

"तात्या, वर आरतीला क्लॅरिनेट लागतंय."

"किबोर्ड हाय की तुझ्याकडं."

"त्यो मारुतीपाशी हाय. पायऱ्या चढत न्हाई."

 तात्यांनी क्लॅरिनेट जोडलं आणि उठले. आरतीच्या पहिल्या दोन ओळी त्यांनी हट्टाने अचूक वाजवल्या आणि दोन्ही वेळा ढोलाच्या पुढे गेले. तिसऱ्या ओळीला थांबले, चौथीला बरोबर उशिरा आले. हवालदारसाहेब लांबून हे ऐकत होते. शिस्तीचा माणूस, त्यांनी मान फिरवली.

आरतीनंतर गुरव मानकऱ्यांची नावं पुकारतो. ज्याचं नाव येईल त्याने 'हजर' म्हणायचं आणि नारळ घ्यायचा. पाटील झाले, सुतार झाले, पालखीवाले झाले. सुदाम 'चंद्रप्रभा' कधी येतंय याची वाट बघत ताठ उभा होता.

"वाजंत्री महादू, जुन्नर!" गुरवाने पुकारलं.

"हजर," सुदाम म्हणाला. "हजर," तात्याही म्हणाले, सवयीने.

मी बुधाजींना विचारलं, बँडचं नाव का नाही पुकारलं? ते म्हणाले, "हेच की नाव. आमी महादूचा बँडच म्हणतो. चंद्रप्रभा कोन?"

सुदामच्या चेहऱ्यावर मान राहिल्याचा आनंद आणि नाव कोणालाच माहीत नसल्याचा धक्का एकदम आले. धक्का आधी गेला. पाटी उतरवायची गरज उरली नव्हती. पुढच्या सालचा मान त्यालाच, असं कमिटीने सगळ्यांदेखत सांगितलं. प्रश्न नारळाचा उरला. तो आपण घ्यावा असं आता दोघांनाही वाटेना. शेवटी गुरव म्हणाला, "महादूची लेक पारगावला दिलीय. तिला पोचवा. पावणं तिकडनंच जाणार न्हवं?"

पारगाव माझ्या वाटेवर अजिबात नव्हतं. पण तिऱ्हाईत म्हणून नेलेल्या माणसाला अशी कामं येणारच.

मंचरला उतरून दुसरी गाडी धरली. गाडीत नारळ मांडीवर घेऊन मी बराच विचार केला. बँड म्हणजे माणसं नव्हेत. माणसं समोरच्या गाळ्यात होती आणि त्यांच्या ठोक्यावर पालखी चढेना. बँड म्हणजे नावही नव्हे. ते गावाला ठाऊक नव्हतं. ज्या ठिकाणी सगळे मिळून नकळत थांबतात, ते ठिकाण म्हणजे बँड, असं माझ्या मनात पक्कं झालं. एका माणसाच्या दुखऱ्या पायाने एका गावाला चालायला शिकवलं होतं आणि तो माणूस गेल्यावरही गाव त्याच पावलाने देवाकडे जात होतं. इतकं भारदस्त काही मला एरवी सुचत नाही. मी ते वहीत लिहून घेतलं.

पारगावात उसाचं गाळप संपलं होतं. कारखान्याच्या धुराड्यातून धूर नव्हता, तोडणी कामगारांच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या) रिकाम्या होत्या. महादूची लेक, लताबाई, दारात पाचटाचा भारा बांधत होत्या. त्यांनी नारळ दोन्ही हातांनी घेतला, देवापुढे ठेवून आल्या आणि चहा केला. मी त्यांना पायऱ्यांवरची सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी वहीतलं वाक्यही, त्यांच्या वडिलांच्या पायाविषयीचं, वाचून दाखवलं.

"अण्णांचा पाय?" लताबाई म्हणाल्या. "पायाला काय झालतं? पाय चांगला व्हता. बँडपार्टीनं बूट दिला व्हता, त्यो एका नंबरनं लहान व्हता. नवा आला तवर सगळ्यांलाच त्या चालीची सवय झालती, मंग सुदामचं चुलतं म्हणालं, आता ऱ्हाऊ दे तसंच."

मी वही मिटली. मग विचारलं, दोन्ही बूट लहान होते का.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "डावा बरुबर बसायचा."