गाठीपुरता दोरा

मी येरवड्यात घरी बसून काळ्या मण्यांच्या पोती ओवते. शिक्षण चौथी. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, आणि मुलगी माझ्यावरच गेली आहे. डिप्लोमाला गेल्या वर्षी सी प्रोग्रॅमिंगच्या तोंडी परीक्षेत ती सरांपुढे नुसती उभी राहिली आणि नापास झाली. यंदाही तसंच झालं असतं तर वर्ष वाया गेलं असतं.

म्हणून परीक्षेच्या आदल्या दुपारी तिने तिची वही माझ्या मांडीवर ठेवली. "आई, तू विचार, मी सांगते." फंक्शनची नावं तिने माझ्यासाठी मराठीत लिहिली होती. मी मणी ओवता ओवता विचारत होते.

"स्ट्रलेन?"

"शब्दात किती अक्षरं, ते मोजतं."

"स्ट्रकॉपी?"

"शब्द दुसऱ्या जागी उतरवतं."

मग तिने मोबाइलवर ते करून पाहिलं आणि वैतागली. "नाव छाप म्हटलं तर आडनावही चिकटून येतंय! नावाची पाच अक्षरं, ती ठेवायला मेमरीत पाच घरं, सगळं बरोबर आहे."

"शब्द संपला हे त्याला कसं कळतं गं?"

"शेवटी एक शून्य असतं. फंक्शन स्वतःच ठेवतं ते."

"पण कुठे ठेवणार? तू तर सगळी घरं भरलीस." मी हातातली पोत पुढे केली. "मण्यांपुरताच दोरा कापला तर गाठ कशी मारू?"

तिने लगेच मोबाइल उचलला. पाचाचे सहा केले. नाव एकटंच आलं.

"आई, उद्या तूच जा परीक्षेला."

"मी? मी सरांना बघूनच पळून येईन."

दुसऱ्या दिवशी घरी येऊन तिने सांगितलं, सरांनी तेच विचारलं. पाच अक्षरांना घरं किती? ही म्हणाली, सहा. का? ही अडखळली, आणि तोंडून निघालं, "गाठीपुरता दोरा, सर."

"ही शिवणकामाची परीक्षा नाही."

एरवी तिथेच गप्प बसली असती. पण म्हणाली, "शेवटच्या शून्याला जागा लागते, सर. माझी आई पोत ओवताना गाठीला दोरा सोडते, तसंच."

"आई किती शिकल्यात?"

"चौथी."

"मग पेपर त्यांनाच काढायला सांगायला हवा होता," असं म्हणून त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. तोही तिने सांगितला.

निकाल लागला तेव्हा ओवलेल्या पोती न्यायला आलेल्या, काम देणाऱ्या बाईंनी विचारलं, "पास झाली का हो?" त्यांच्यापुढे मी नेहमी नुसती मान हलवते.

"झाली," मी म्हणाले. "त्यातलं एक उत्तर माझं होतं."