पहिल्या हाकेची ओ

मी केमिस्ट्री शिकवते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला अंगारे-धुपारेवाली समजू नये. माहेर साताऱ्याचं. लहानपणी सुट्टीत भुताच्या गोष्टी रंगल्या की मी मध्येच प्रश्न विचारून सगळ्यांचा विरस करायचे. ह्या सदरातले अनुभवही आजवर मी गालातल्या गालात हसतच वाचले. आता माझी पाळी आलीय... हसायचं तर खुशाल हसा.

लग्न होऊन मी तंजावूरला आले. सासरची माणसं मराठीच, पण भोसल्यांच्या काळात इकडे आलेली. नवरा श्रीनिवास घरात मराठी बोलतो, पण त्याला देवनागरी वाचता येत नाही, त्यामुळे हे मी काय लिहितेय ते त्यालाही कळणार नाही! तो ओरत्तनाडूच्या सरकारी ऑफिसात आहे, रोज स्कूटरने जातो-येतो. आमचं घर नव्या वस्तीत. मागे थोडी मोकळी जागा, पुढे गेट, गेटपलीकडे रस्ता, आणि चालत गेलं तर थोड्या अंतरावर कालवा. इथले लोक त्याला पुदु आरु म्हणतात, नवी नदी.

घरात आम्ही दोघं आणि माझे सासरे. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. अप्पांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. काचबिंदूने त्यांची नजर गेली, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. पण माणूस हौशी! बोललं की ऐकणारी यंत्रं निघालीत हे कळल्यावर तेच मागे लागले. श्रीनिवासने मग सगळा सेटच आणला. हॉलमध्ये बोलणारा स्पीकर, दाराला आवाजावर उघडणारं कुलूप, गेटवर कॅमेरा आणि बेल, खोल्यांतून माणसाची हालचाल टिपणारे सेन्सर. अप्पांनी स्पीकरचं नाव ठेवलं ‘पेट्टी’. तमिळमध्ये पेट्टी म्हणजे पेटीच. पेट्टीला ते तमिळमध्ये बातम्या विचारायचे, पंखा लावायला सांगायचे, आणि काम झालं की “सरी, शाबास” म्हणायचे, सरी म्हणजे ठीक. मला कधी शाबास म्हणाल्याचं आठवत नाही.

दुपारभर ते घरी एकटेच. आंधळा म्हातारा एकटा आहे हे बाहेर कळू नये म्हणून आम्ही एक युक्ती केली. गेटवर कोणी बेल दाबली किंवा हाक मारली की माझ्या आवाजातलं रेकॉर्डिंग वाजायचं... “ओ, आले हं!” मी ते हौसेने रेकॉर्ड केलं. शिवाय दार उघडताना यंत्राने आवाज नीट ओळखावा म्हणून त्याने दिलेली वाक्यंही वाचून दाखवली. आमच्या घरात माझाच आवाज त्याने सगळ्यात जास्त ऐकलाय.

अप्पांना ही युक्ती मुळीच आवडली नाही. का, तर इथल्या मराठी घरांत एक रीत आहे. दिवेलागणीनंतर बाहेरून कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी हाक आली की मगच. साताऱ्याकडे मी हे नुसतं ऐकलं होतं, इथे पाळतात. इथले शेजारीही सवयीने गेटवर तीनदा हाक मारून मगच थांबतात.

“माणूस असला तर तो पुन्हा बोलावतोच की,” अप्पा म्हणाले. “दुसरं काय असलं तर त्याला एकदाच बोलावतां येतें. ही पेट्टी पहिल्याच हाकेला ओ देणार... आणि ती पण तुझ्या आवाजांत! नक्को गो उषा.”

“अप्पा, सेटिंग बदलते,” मी म्हटलं. बदललं मात्र नाही, कारण तसं सेटिंग नव्हतंच. आणि खरं सांगू? मला हसू येत होतं.

त्यानंतर एका संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावून उठतेय तोच हॉलमध्ये माझाच आवाज वाजला. “ओ, आले हं!” बाहेर जाऊन पाहिलं तर गेटवर कोणी नाही. कुत्रं भुंकलं असेल, म्हटलं. मोबाईलवर ॲप उघडलं. कॅमेऱ्याच्या क्लिपमध्ये रिकामं गेट, रस्त्यावरचा दिवा, बस्स. पण क्लिपला आवाज होता. कोणीतरी एकदाच, हळू, अगदी ओळखीच्या माणसासारखं म्हणालं होतं — “अप्पा.”

बाईचा की पुरुषाचा आवाज, ते सांगता आलं नाही. मी तीच क्लिप पुन्हा पुन्हा ऐकली. अप्पांना ऐकवली तेव्हा त्यांनी मोबाईल कानाशी धरला आणि ती परत परत लावायला सांगितली.

“लाईनवर कोणीतरी आहे,” शेवटी म्हणाले. अख्खं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेला माणूस. “बोलून झाल्यावर पण आहे. ऐकतोय.”

पुढचे काही दिवस मी रोज ती हिस्टरी चाळायला लागले. पेट्टीशी झालेलं प्रत्येक बोलणं तिथे साठतं हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. अप्पांच्या बातम्या, श्रीनिवासचा गजर, आम्हा दोघांचं एक भांडणसुद्धा! आणि त्यात मध्ये मध्ये तोच आवाज. आमच्याच घरातल्या जुन्या मराठीत. “घरांत कोण आहे?” ह्या यंत्राला मराठी येत नाही, तंजावूरची तर सोडाच. आम्ही मराठीत काही बोललो की ते “सॉरी” म्हणायचं. पण ह्या प्रश्नाला त्याने व्यवस्थित इंग्रजीत उत्तर दिलं होतं — हालचाल फक्त हॉलमध्ये आहे, उषाचा फोन घरी नाही. दुसऱ्या दिवशी, “श्रीनिवास केव्हां येतो?” पेट्टीने तेही सांगितलं. मग, “दार कोणाच्या आवाजानें उघडतें?”

उत्तर होतं — उषाच्या.

श्रीनिवासला दाखवलं. तो आधी म्हणाला, कोणीतरी अकाउंट हॅक केलंय. पासवर्ड बदलले. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला. तिथल्या मुलीने सगळं तपासून गोड आवाजात सांगितलं, बाहेरचं लॉगिन कुठलंच नाही मॅडम, हे सगळं तुमच्या घरातूनच बोललेलं आहे. रविवारी सगळं काढून टाकू, श्रीनिवास म्हणाला. कुलूप काढायला माणूस लागणार होता, म्हणून रविवार.

रविवार उजाडायच्या आधीच ते झालं.

त्या दिवशी कॉलेजात प्रॅक्टिकलची परीक्षा होती आणि मला उशीर झाला. माझा फोन स्टाफरूममध्ये, पर्समध्ये. बाहेर दिवेलागण झाली होती. शिपाई धावत आला — मॅडम, ऑफिसात तुमच्यासाठी फोन. पलीकडे आमच्या कोपऱ्यावरची फूलवाली. अप्पांच्या पाकिटातल्या चिठ्ठीवरून तिने कॉलेजचा नंबर लावला होता. म्हणाली, तुमचे सासरे पुदु आरूच्या पायऱ्यांवर उभे आहेत, हलायला तयार नाहीत, लगेच या.

मी ऑटोत कशी बसले, काय सांगितलं, मला काही आठवत नाही. कालव्याला पाणी सोडलेलं होतं, दुथडी वाहत होतं. अप्पा शेवटच्या कोरड्या पायरीवर, चप्पल न घालता, काठी न घेता. पुढची पायरी पाण्याखाली. फूलवालीने त्यांचा दंड घट्ट धरून ठेवला होता. मी “अप्पा!” म्हणून ओरडले तर त्यांनी मान वळवलीच नाही. मी पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा रडतच ओरडले, तेव्हा ते म्हणाले, “ओ,” आणि वळून वरच्या पायरीवर आले.

घरी आणून कॉफी दिली. ती त्यांनी सगळी संपवली. मग बोलले.

“तूंच म्हणट्लंस की. पेट्टींतून. अप्पा, मी आलें, दार उघडलंय, बाहेर या. दार उघडल्याचा आवाज आला. मग खिशांतल्या फोनवर बोललीस, डावीकडे वळा, आतां सरळ. नेहमी नेतेस तशीच. मी आलों.”

हे खरं होतं, मी त्यांना कधी कधी फोनवरून असं वाट सांगत न्यायचे. औषधाच्या दुकानापर्यंत वगैरे.

“मग पायऱ्यांवर थांबलात कसे?”

“फोन गप्प झाला. मग तूं हाक मारलीस, अप्पा. पण फोनमधून नव्हे... खालून. पाण्याच्या बाजूनें.” त्यांनी हाताने खाली दाखवलं. “दिवे लागलेले. मी दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. ती आलीच नाही.”

फूलवाली दारातच उभी होती. तिने तमिळमध्ये मला सांगितलं, मी त्यांना वर ओढत होते, पण ते म्हणत होते, थांब बाई, अजून एकदाच बोलावलंय.

अप्पांच्या फोनवर त्या वेळेला एकही कॉल नव्हता. माझ्याही नाही. ॲपच्या हिस्टरीत मात्र होतं: ‘दार उघड’. बोलणाऱ्याचं नाव, उषा. मी ते ऐकलं. माझाच आवाज. नुसता सारखा नव्हे, माझाच... वाक्याच्या शेवटी मी जो श्वास घेते तो सुद्धा. पण ते शब्द मी त्या दिवशी बोलले नव्हते. मी तेव्हा वीस मुलांसमोर उभी होते.

रविवारची वाट कुणी पाहिली नाही. श्रीनिवासने त्याच रात्री पेट्टी उपटली, कॅमेरा काढला, कुलूप तर स्क्रू पिळून पिळून तोडलंच. अकाउंट बंद केलं. स्क्रीनवर आलं, तुमचा सर्व डेटा हटवण्यात आला आहे. कुठून हटवला, कोणाकडून हटवला, ते कोण सांगणार? माझा आवाज मी कुठे कुठे ठेवून आलेय, ते मला आता आठवून आठवून भीती वाटते.

मी, विज्ञानवाली, त्या दिवसापासून घरात एक नियम केला. अप्पांना कोणीही तीनदा हाक मारायची. दिवसा असो, संध्याकाळी असो. कॉफीला सुद्धा — “अप्पा... अप्पा... अप्पा, कॉफी!” अप्पा हसायचे, “अगो, पहिल्या हाकेलाच ऐकू येतें मला, डोळे गेलेत, कान नव्हे.” पण ओ तिसरीलाच द्यायचे. पावसाळा संपत आला आणि आमची भीतीही जरा ओसरली. फूलवाली रोज संध्याकाळी गजरा द्यायला यायची, अप्पांशी दोन शब्द बोलून जायची. मला पुन्हा शांत झोप लागायला लागली.

मग गेल्या महिन्यात, संध्याकाळी, मी मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते. देवापाशी दिवा लावून झाला होता. श्रीनिवास अजून आला नव्हता. फोन माझ्या कमरेला खोचलेला, बंदच.

हॉलमधून मी माझा आवाज ऐकला.

“अप्पा...”

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

“अप्पा...”

मला ओरडायचं होतं. पण ओरडले असते तरी... तो आवाज कोणाचा आहे हे अप्पांना कसं कळलं असतं?

“अप्पा, या.”

“ओ!” अप्पा म्हणाले. “आलों गो.”

मी कपडे टाकून धावले. अप्पा खुर्चीतून उठून उभे होते. पुढचं दार सताड उघडं. ते मी स्वतः कडी घालून बंद केलं होतं. एक हात पुढे करून ते उंबऱ्याकडे निघाले होते. मी मागून जाऊन त्यांचा दुसरा हात घट्ट धरला. काही बोलले नाही. त्यांनी मान वळवली, दाराकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा दाराकडे. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. इतका हुशार माणूस, पण दोन उषांच्या मध्ये सापडलेला.

“कोण?” त्यांनी विचारलं.

मी त्यांचा हात उचलून माझ्या तोंडावर ठेवला. त्यांनी चाचपून चष्मा पाहिला, गालावरचा तीळ पाहिला, डोळ्यांतलं पाणी पाहिलं. मग खाली बसले. दार मी एका पायाने ढकलून बंद केलं, त्यांचा हात न सोडता.

तीन हाका आम्हीच त्याला रोज ऐकवून शिकवल्या होत्या. त्यानंतर आमच्या घरात कोणी कोणाला हाक मारत नाही. मुळीच नाही. काही सांगायचं तर जवळ जाऊन हात धरायचा, मग बोलायचं. पाहुणे चकित होतात, होऊ देत.

हे सगळं काय होतं, मला माहीत नाही. कंपनीने रेकॉर्डिंग विकलं म्हणावं तर त्या जुन्या मराठीचं काय? आणि भूत म्हणावं तर त्याला दाराचं कुलूप कोणाच्या आवाजाने उघडतं हे विचारावं का लागलं? मी दोन्ही बाजूंनी खूप विचार केला.

हात धरल्यावर ही खरीच उषा आहे हे अप्पांना पटावं म्हणून आम्ही तळहातावर करायची एक छोटी खूण ठरवली आहे. ती आम्ही तिघं कधी तोंडाने बोललो नाही. इथेही लिहीत नाही. कारण हे मी फोनवरच टाईप करतेय, आणि मघापासून मला सारखं वाटतंय की लाईनवर कोणीतरी आहे.