कौसाबाईचं पहिलं शील

कौसाबाई कुणाच्या घरी गेली की आधी बसत नसे. रांजणाच्या मागे डोकावायची, कूलरच्या पाण्यात बोट घालून बघायची, दारात पडलेलं टायर पायानं उलटं करायची आणि मगच चहा घ्यायची. लोकांना राग यायचा. आपल्या घरातलं साचलेलं पाणी दुसऱ्यानं ओतून दिलेलं कुणाला आवडेल? तिला त्याचं काही नव्हतं. "तुमच्या घरचा मच्छर तुमच्याच घरी ऱ्हातो का?" एवढंच म्हणायची.

सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये आम्ही दोघी बरोबर कामाला होतो. उंच, हाडकुळी बाई, आवाज फाटका. साडीवर मुलाचा जुना लांब बाह्यांचा शर्ट घालायची. शेतात जाणाऱ्या बायका घालतातच, पण ही लग्नाला जातानाही घालायची, आणि दिवेलागणीला पायात मोजे चढवायची. तिला हसणं सोपं होतं.

तिच्या सुनेचं, संगीताचं, पहिलं मूल पोटातच गेलं, ते हिवतापात. दोघी परगावी लग्नाला गेल्या होत्या, उघड्या मांडवात झोपल्या होत्या. परत आल्यावर संगीताला थंडी वाजून ताप आला आणि मूल गेलं. कौसाबाई रडली नाही. बाजारातून मच्छरदाणी घेऊन आली आणि तेव्हापासून अशी झाली.

पुढे दसऱ्यानंतर आमच्या विहारातल्या बायकांनी बुद्धगया आणि लुंबिनीची यात्रा काढली. बस ठरवली, बरोबर भन्तेजी होते. कौसाबाईनं सगळ्यांच्या आधी नाव दिलं होतं. नेमके त्याच वेळी संगीताला पुन्हा दिवस गेले. मुलगा ट्रकवर, सुनेला माहेर नाही, एकटीला मागे ठेवावं तर कुणाजवळ? डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला हरकत नाही म्हटलं, पण मच्छर चावू देऊ नका म्हणून बजावलं, आणि अंगाला कोणतं मलम चालेल तेही सांगितलं. कौसाबाईनं सुनेला बरोबर घेतलं.

जिथं मुक्काम असेल तिथं ती आधी दोऱ्या बांधायची. खिडकीच्या गजाला, दाराच्या कडीला, एकदा तर बसच्या शिडीला. मच्छरदाणीची खालची कड सतरंजीखाली चारी बाजूंनी खोचायची, आत हात फिरवून एखादा राहिला तर हुसकून लावायची, मग सुनेला आत घालायची. सुनेलाही तसलाच शर्ट घातला होता, तो दिवसासुद्धा काढू द्यायची नाही. "दिवसाचा मच्छर लय चोरटा. आवाज न्हाई करत," म्हणायची.

यात्रेपुरतं आम्ही सगळ्यांनी अष्टशील, म्हणजे आठ नियम, घेतलं होतं. त्यातलं पहिलंच, जीव मारायचा नाही. दुपारनंतर जेवायचं नाही, हेही त्यात आलं. यात्रा काढणाऱ्या प्रमुख बाई शिस्तीच्या होत्या. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, शील घेऊन मच्छराशी एवढं वैर कशाला?

"मी मारायले का त्याला?" कौसाबाई म्हणाली. "मी माझं दार लावायले."

खरं सांगायचं तर आमच्यातल्या कितीजणी पदराआड मच्छर चिरडत होत्या ते मी बघत होते. कौसाबाईनं मात्र तोवर एकही मारला नव्हता.

लुंबिनी नेपाळात. सगळीकडे भाताची शेतं आणि पाणी. जिथं सिद्धार्थाचा जन्म झाला तिथल्या झाडांखाली आम्ही संध्याकाळी वंदनेला बसलो. प्रमुख बाईंचं म्हणणं पडलं की सगळ्याजणी पांढऱ्या साडीत नीट दिसाव्यात, शर्टं काढून ठेवा. कौसाबाईनं ऐकलं नाही. संगीता लाजली आणि तिनं काढला. घामानं मलम केव्हाच गेलं होतं.

सगळ्यांचे डोळे मिटलेले, हात जोडलेले. मध्येच खाडकन आवाज झाला. कौसाबाईनं सुनेच्या दंडावर तळहात मारला होता. हात उघडून तिनं बघितलं. त्यावर रक्त होतं. तिनं स्वतःचा शर्ट काढून सुनेला घातला, बटणं लावली आणि पुन्हा हात जोडून बसली.

वंदना संपल्यावर ती भन्तेजींपुढे जाऊन बसली. पहिलं शील मोडलं म्हणून सांगितलं. भन्तेजी भले माणूस. म्हणाले, पुन्हा असं करणार नाही असं मनाशी ठरवा, मी परत शील देतो.

"तसं ठरवता येणार न्हाई, भन्तेजी," ती म्हणाली. "परत तिच्या अंगावर बसला की मी परत मारीन. पयलं मोडलंय. आता व्हय म्हणून चवथं मोडायला लावू नका."

चौथं शील खोटं न बोलण्याचं. भन्तेजी म्हणाले, "मग आज घेऊ नका, माय. बसा नुसत्या."

त्या संध्याकाळी तिनं ड्रायव्हरबरोबर बसून पोटभर भात खाल्ला. शील नाही तर उपास कशाचा? काही बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. एकजण म्हणाली, एवढ्या लांब येऊन रिकामी चालली. कौसाबाईनं ऐकलं आणि दोऱ्या बांधायला घेतल्या.

घरी आल्यावर संगीताला ताप आला नाही. तो मच्छर साधा असेल, किंवा हात वेळेवर पडला असेल, मला कळत नाही. मुलगी झाली. विहारात कौसाबाई पंचशील म्हणायला बसे ती नातीला मांडीवर घेऊन. पहिली, जीव न मारण्याची ओळ आली की गप्प राही आणि दुसरीपासून सगळ्यांच्या सुरात म्हणे. मी एकदा म्हटलं, अगं, म्हणून टाक, कोण तपासायलंय? ती म्हणाली, "पोर थोडी मोठी होऊ दे."

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. मच्छरानं नाही, हृदयानं. दुपारी बसल्या जागी. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला भन्तेजींनी पंचशील दिलं. संगीता माझ्या शेजारी बसली होती, मुलगी तिच्या मांडीवर. पहिल्या ओळीला संगीताचे ओठ हलले नाहीत.

मी म्हटली ती ओळ. माझ्या मांडीवर कुणी नव्हतं.