गुरुवारची प्लेट

काकूंनी एकच नख वाढवलेलं होतं, उजव्या तर्जनीचं. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत त्यावरून कुजबुज चाले. प्रत्यक्षात ते त्यांचं मोजमापाचं साधन होतं. यजमानांच्या पश्चात शेजारची वर्कशॉपची शेड त्या एकट्या चालवत आणि पाने, पकडी अशी हत्यारं भिंतीवर ओळीने टांगता यावीत म्हणून कारखान्यांना ॲल्युमिनियमच्या प्लेटा करून देत.

भोकाच्या तोंडाशी जो उतार देतात, त्याला काउंटरसिंक म्हणतात. त्यात स्क्रूचं डोकं बुडून प्लेटशी सपाट बसलं पाहिजे. काकू त्यावरून नख फिरवत. अडलं, की प्लेट बाद. मी तांत्रिक शाळेत यंत्रचित्रण शिकवायचो, एकदा म्हणालो, "पण दिसत तर नाही!"

"मास्तर, तुमच्या शाळेत न दिसणाऱ्या चुकांना मार्क देतात वाटतं?"

ॲल्युमिनियम मऊ, ड्रिलला चिकटतं. म्हणून त्या आधी रॉकेलचा थेंब सोडत. मग कोणी बोलायचं नाही. "हँडलवर हात असताना देव आला तरी बाहेर थांबेल," म्हणत.

संगणकावर चालणारी यंत्रं आली आणि कामं आटली. मुलगा मुकुंद खराडीला सॉफ्टवेअरमध्ये होता. शेड बंद करून आईने आपल्याकडे यावं, हा त्याचा धोशा. शेवटी मायलेकांचं ठरलं: एका कारखान्याने मागवलेला नमुना पास झाला तर शेड राहील, नाहीतर काकू खराडीला जातील.

गुरुवारी वीज जाते म्हणून काकू त्या दिवशी मशीन लावत नसत. पण माल उशिरा आला, आणि नमुना नेमका गुरुवारी दुपारी द्यायचा होता. मुकुंद रजा काढून प्लेट धरायला उभा राहिला, मी दाराशी. शेवटच्या भोकाला उतार देताना वीज गेली.

अशा वेळी आधी बटण बंद करायचं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. पण भोकाचा मध्य हलेल या भीतीने त्या हँडल दाबूनच उभ्या राहिल्या.

"आई, बटण…"

"बोलू नकोस!"

तेवढ्यात वीज आली. मशीन एकदम फिरलं आणि हात वर होईपर्यंत मऊ धातूत खोल उतरलं.

त्यांनी स्क्रू बसवला. नख फिरवलं. अडलं.

"चालेल गं, कोण बघतंय तिथे?" शेड बंद व्हावी असं वाटणारा मुकुंदच म्हणाला.

काकूंनी कारखान्याला फोन लावला. "नमुना बिघडला. माझ्या हातून." पलीकडून कोणी समजूत घालत असावं. "अहो, नको. आपण दुसरीकडे बघा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग मशीन बंद करून, हात पुसत त्यांनी मुलाला विचारलं, "तुमच्या त्या खराडीच्या फ्लॅटच्या भिंतींना भोकं पाडू देतात का रे?"

मुकुंद अजून प्लेट धरूनच उभा होता.