खंडेनवमीची हळद

माझा स्वभावच संशयी. घरचे म्हणतात, ही दुधातही आधी बोट घालून पाहील. पाहतेच. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं बाटलीवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला की कोणाचं तरी बोट, नाही तर डोळा जाते.

छत्तीसगड राज्य नवीन झालं तेव्हा रायपूरच्या आमच्या कॉलेजात सारखे कोणी ना कोणी साहेब पाहणीले यायचे. आमचे विभागप्रमुख सर, नागपूरकडचेच, बाटल्या स्वतः भरायचे अन् चिठ्ठ्याही स्वतःच चिकटवायचे. बेसिनजवळची डोळे धुवायच्या पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली दिसली की साहेब खूश.

त्याच सुमारास अभनपूरहून शिकायले येणाऱ्या एका पोट्टीच्या डोळ्यात पातळ ॲसिडचा थेंब उडाला. सरांनी लगेच त्या बाटलीनं डोळा धुतला, तर तिची आग आणखीच भडकली. डॉक्टर म्हणाले, नजर राहील की नाही सांगता येत नाही. सरांनी सगळं तिच्यावर ढकललं. चष्मा घातला नव्हता, वरून डोळा चोळला, म्हणून तिचं प्रॅक्टिकल बंद. मले ते पटेना. धुतल्यावर आग वाढली काहून? बाटली पाहायले गेले तर ती जागेवर नव्हती, अन् सरांच्या कपाटाले कुलूप. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, तुमचा तर देवावरही भरोसा नाही."

खंडेनवमीले आम्ही विदर्भातली माणसं विभागात तराजू, ब्युरेट, सगळ्याची पूजा करतो. त्या दिवशी एकही कपाट बंद ठेवत नाहीत. सर प्रसाद आणायले गोल बाजारात गेले होते. चपराशी भैयानं ऑफिसातल्या दुसऱ्या किल्लीनं त्यांचं कपाट उघडून सगळं टेबलावर मांडलं, त्यात ती बाटलीही आली. मी ओल्या हळदीची बोटं ओढत चालले होते. त्या बाटलीच्या गळक्या तोंडाशी बोट टेकलं, अन् पिवळी हळद लाल झाली.

ऑफिसातल्या बाईंनी हात जोडले. "देवीनं स्वतः कुंकू लावलं, बाप्पा."

हळद लाल होते ती अल्कलीनं, पाण्यानं नाही. पोरीचा डोळा कॉस्टिक सोड्यानं धुतला होता.

तेवढ्यात सर आले. त्यांनी बाटली पाहिली अन् त्यांनीही हात जोडले. हळदीचा हाच प्रयोग पहिल्या वर्षाले शिकवणारा माणूस हात जोडून उभा राहिला, तेव्हा माझा संशय फिटला: यांले सगळं ठाऊक होतं. "शुभ झालं," ते म्हणाले, "हे आता देवीचं पाणी. मी तलावात विसर्जन करून येतो." बाकीचे माना डोलवून राहिले होते.

असा संताप आला की सांगता सोय नाही. मी बाटली ओढून घेतली. "देवीचं आहे ना, सर? मग आधी तीर्थ घ्या. डोळ्याले लावा."

सरांनी दोन्ही हात मागे घेतले.

पूजेले आलेल्या पोरींत ती पोट्टीही होती, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. ती पुढे आली, माझ्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं, मग सरांकडे.

"सर," ती म्हणाली, "मेरी आँख तो इसी से धोई थी ना?"