माझी जाऊ असेसर झाली तेव्हा

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन तंजावूरच्या आमच्या घरी आली तेव्हा तिला ब्लाउजला हूकसुद्धा लावता येत नव्हता. दोऱ्याला गाठ कशी मारायची इथपासून सगळं मी शिकवलं. ती मला मन्नी म्हणते, आमच्याकडे थोरल्या जावेला तसंच म्हणतात. मी ओसरीवर शिवणाचा वर्ग घ्यायची, ती शेजारी बसून काजं करायची. पुढे तिनं शिवणाचा डिप्लोमा केला, आणि एके दिवशी गळ्यात ओळखपत्र अडकवूनच घरी आली. त्यावर तिचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, असेसर.

सरकारी योजनेत गावोगावच्या बायका शिवण शिकतात. त्यांना खरंच येतं की नाही, हे तपासून पास-नापास ठरवणारी ती.

आमचे मामंजी जन्मभर कोर्टात कारकून होते. संध्याकाळी कॉफी पिताना ते त्या शब्दाच्याच मागे लागले. म्हणाले, "हा लॅटिनमधला शब्द. मूळ अर्थ, शेजारी बसणारा. इंग्रजांच्या वेळी सेशन्स कोर्टात जज्जाच्या बाजूला असेसर बसायचे. गावातले शहाणेसुरते लोक. खटला ऐकून आपलं मत द्यायचे."

"आणि जज्ज ते ऐकायचा?" मी विचारलं.

"ऐकायचा. मानायलाच हवं असं नव्हतं."

मला बरं वाटलं. नुसती शेजारी बसणारी, मग एवढा मान कसला! पण मामंजी लगेच म्हणाले, "आता तसं नाही हो. आता हीच जज्ज." सगळे हसले. जाऊ लाजली. मी रिकामे पेले उचलून आत गेले. नळाखाली पेले घासताना माझे दात एकमेकांवर घट्ट बसले होते.

त्याच सुमारास गावातल्या एका प्रशिक्षण केंद्राला शिवणाची शिक्षिका हवी होती. माझं काम त्यांना पसंत पडलं, पण सर्टिफिकेटशिवाय घेता येत नाही म्हणाले. इतकी वर्षं शिकवणाऱ्या बाईला आता परीक्षा! परीक्षा तिरुवैयारूला होती, आणि तिथे जाऊच असेसर म्हणून जाणार होती. ते कळल्यावर मला आतून जोर आला. बसू दे माझ्यासमोर, म्हटलं. जिनं हातात सुई दिली तिलाच कशी तपासते ते बघू.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी वेणी घालत होते, तेवढ्यात ती दारात येऊन उभी राहिली.

"मन्नी, आज मी येत नाही. परीक्षेला माझ्या जाऊबाई आहेत, दुसऱ्या कुणाला पाठवा, असं मी सांगून टाकलं."

"का? मी नापास होईन अशी भीती वाटली?"

"नाही. तुम्ही पास व्हाल. मग लोक म्हणतील, जावेनं पास केलं."

तिचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. वेणी अर्धवट तशीच बांधून मी बस पकडली.

तिरुवैयारूला तिच्या जागी तिरुचीहून आलेले एक गृहस्थ असेसर होते. त्यांनी ब्लाउज बेतायला लावला, मग शिवायला. शिवून झाल्यावर तो उलटा करून मुंढ्याची शिलाई बोटानं चाचपली. "इथे कापड का सोडलं?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं. "बाई जाड झाली तर उसवून सैल करता येतो," मी म्हटलं. ते हसले, "माझ्या बायकोच्या टेलरला हे सांगायला हवं." मी पास झाले.

येताना बसस्टँडवरून मैसूरपाक घेतला. घरात पाऊल टाकताच ओरडून सांगितलं. मामंजी म्हणाले, "शाब्बास! मला ठाऊकच होतं." आणि लगेच माझ्या नवऱ्याकडे वळले, "पण खरं कौतुक धाकटीचं. घरचं माणूस म्हणून बाजूला झाली. असेसर असावी तर अशी." नवऱ्यानं मान डोलावली. सासूबाईंनी पहिला तुकडा तिला भरवला. माझ्या पेढ्यांचा, म्हणजे मैसूरपाकाचा, डबा माझ्याच हातात होता.

ती जागा मला मिळाली. आता सकाळी मी केंद्रावर जाते आणि ती लांबच्या गावांच्या बसनं निघते. माझ्या वर्गातल्या मुलींना तपासायला मात्र तिला कधीच पाठवत नाहीत. मुली विचारतात, "टीचर, तुमच्या घरच्या मॅडम फार चांगल्या आहेत म्हणे, त्या का येत नाहीत?" मी सांगते, नियम आहे. त्यांचे चेहरे पडतात, आणि मला ते बघवत नाही.

रात्री जेवताना ती त्या गावांतल्या बायकांच्या गोष्टी सांगते. कुणी घाबरून उलटीच बाही जोडली, कुणी तान्हं मूल मांडीवर घेऊन मशीन चालवलं. सगळं घर कान देऊन ऐकतं. मीही ऐकते. "मग पास केलंस का तिला?" असं सगळ्यांच्या आधी मीच विचारते, आणि ती सांगू लागली की पोटात जळतं ते जळतंच.